सगळ्यांचा होकार

प्रज्योतचा फोन महिन्याने लागला, तेव्हा काळूराम ओट्यावर जाळं शिवत बसला होता. पोरगा तेलाच्या जहाजावर खलाशी.

“बाबा, मालकाने बंदी असलेला तेल भरला. वीस-पंचवीस देशांनी मिलून आमचा जहाजच बंद केलाय. कुठल्या बंदरात घेत न्हाईत, पानीसुदा देत न्हाईत.”

“म्हंजे वालीत टाकलाय.” काळूरामला चटकन उमगलं.

“आता बाकीचे देश सोडायला राजी हायत. पन सगल्यांचा होकार लागतो, आनि येकच देश आडून बसलाय.”

काळूरामचं पित्त खवळलं. “मालकाचा राग खलाशांवर काढतात? पान्यावाचून मारतात? त्या देशात मानसा ऱ्हातात का कोन!”

संध्याकाळी गावकीची बैठक बसली. नीराबाईचा नवरा निवडणुकीला गावकीविरुद्ध उभा राहिला, तेव्हापासून तिच्या घराला विहीर बंद होती. आता नवराही वारला, बाईला पाणी भरू द्यायचं का, असं पंचांनी विचारलं. नियम जुनाच, सगळ्यांचा होकार हवा.

भराभर हात वर गेले. काळूरामने आपला हात याही वेळी मांडीखाली दाबून धरला.