खडकातलं हृदय

खडकाच्या पोटात अजूनही एक हृदय धडधडत होतं. खडकातल्या जिवांची धडधड ऐकणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर त्याचा ठिपका सलग चौथ्या दिवशी दिसला, तेव्हा खाणीच्या व्यवस्थापक मृणाल डांगे वैतागल्या. पडद्यावर एकही ठिपका असेपर्यंत सुरुंग उडवायचा नाही, असा गावाशी करार होता. त्यांनी यंत्राची ऐकण्याची ताकद थोडी कमी केली. ठिपका नाहीसा झाला.

गावाच्या वतीने संमती द्यायला म्हाताऱ्या भागूबाई उघडे आल्या.

"गेलं का जनावर, ताई?"

"गेलं," मृणाल म्हणाल्या.

सुरुंग उडाला. धुरळा बसल्यावर दोघी वर चढून गेल्या. फुटलेल्या कपारीत साळिंदराची मादी मरून पडली होती.

"यंत्र चुकलं आसंल," भागूबाई हळूच म्हणाल्या. "तुमी जिवाला लावून घेऊ नका."

ती समजूत मृणालना सोसवेना.

"यंत्रानं बरोबर ऐकलं होतं, भागूबाई. मीच त्याचे कान बंद केले. तुमच्याशी खोटं बोलले."

भागूबाई त्या जनावराजवळ खाली बसल्या. मग उठल्या. मृणालनी आधाराला हात पुढे केला, पण तो न धरता त्या घसरड्या उतारावरून एकट्याच खाली गेल्या.