अबोलीचा खडू

श्रियाला शाळेतून घरचा अभ्यास होता: घरच्यांचे चेहरे काढा आणि ज्याच्या मनात जे असेल त्याचा रंग भरा. देवासच्या आमच्या ओट्यावर बसून तिने स्वतःचा चेहरा पिवळा केला, आनंदाचा. कामासाठी धारला गेलेल्या बाबांचा मात्र फिकट केशरी.

"बाबा रागावलेत का गं?"

"नहीं आई, राग लाल असतो. ही अबोली. जो बोलत नाही ना, त्याचा रंग."

मला हसूच आलं. माझ्या साडीचा रंग सांगताना मीच तिला तो शब्द शिकवला होता. हिंदी शाळेतल्या पोरीने त्याचा हा अर्थ लावला!

"अगं, ते फुलाचं नाव आहे," म्हणत मी ही गंमत सांगायला ह्यांना फोन लावला.

त्यांनी उचलला. मागे पोहेवाला विचारत होता, "भिया, सेव डालूँ क्या?" शेवेला कधीच नाही न म्हणणारे हे गप्प.

"अहो, ऐकताय ना?"

नुसता श्वास. मग पोहेवाल्याचा घाबरलेला आवाज, "भिया, क्या हुआ? कुछ बोलो तो!"

माझी नजर खडूंच्या डबीवर गेली. सगळे खडू जागेवर होते आणि त्यांत अबोली रंग नव्हताच. तरी श्रिया मुठीत काहीतरी धरून तिसरा चेहरा त्याच फिकट केशरी रंगाने रंगवत होती. त्याच्या कपाळावर माझी टिकली होती.

"श्रिया, थांब," म्हणायला मी तोंड उघडलं.

"आई," मान वर न करता ती म्हणाली, "कोणतं फूल म्हणालीस? फिर से सांग ना."