खुर्चीवरचा रुमाल

लग्नाच्या पंगतीत मी मामांच्या खुर्चीमागे उभी होते. पुढच्या पंगतीत जागा हवी तर जेवणाऱ्याच्या मागे असंच ताटकळावं लागतं.

"कॉलेजात अजून वेटिंगवरच का गं?" मठ्ठ्याचा भुरका मारत मामांनी विचारलं. त्यांना दुसऱ्याचं दुखणं तोंडी लावायला लागतंच. "आमच्या ओजसला बघ, दोन कॉलेजांत सीट मिळाली. तुला हवंय त्या कॉलेजातलीही धरून ठेवलीय. जायचं नाहीये तिथे, पण असू दे."

शेवटची जिलेबी संपवून ते उठले. खुर्चीवर त्यांनी रुमाल टाकला. "ओजस बसेल हं."

ओजस समोरच्या रांगेत केव्हाचा पुऱ्या हाणत होता.

मी रुमाल चिमटीत उचलून मामांच्या खरकट्या हातात कोंबला आणि बसले.

"हात पुसा, मामा. आणि कॉलेजातला रुमालही उचला."