काजळाची रेघ

“पत्र्याखालची दुपार लय खराब रायते, ध्यान ठेवजो वो,” शेजारच्या काकीनं बजावलं, तेव्हा भूमेश्वरीनं ते कानाआड केलं. तिची तान्ही कौलारू खोलीत निजायची. तरी जिवाला घोर होताच. चॉकलेटच्या चांदीला कागद चिकटवून तिनं पट्टी केली, पुठ्ठ्यावर टाचली आणि पाळण्याला टांगली. उकाडा वाढला की पट्टी वाकायची. पुठ्ठ्यावरच्या काजळाच्या रेघेला टेकली, की पाळणा गार जागी हलवायचा, असं तिनं ठरवलं.

“पोरगी घामेजली तं हातालेच समजते. चांदी कायले पाह्यजे?” सासू हसायची.

मे अर्धा सरला, तरी पट्टी रेघेला टेकेना. बिघडली की काय, म्हणून भूमेश्वरी पुठ्ठा घेऊन मागच्या खोलीत सासूला दाखवायला गेली. आत पाऊल टाकलं आणि बघता बघता पट्टी वाकून रेघेच्या पार गेली. तिनं वर पाहिलं. पत्रा.

“आई, तुम्ही इथं कशा निजता?”

“मले काय होते? नात तं गारव्यात हाये ना.”

कौलारू खोली बाळंतपणाआधी सासूचीच होती.

आता पाळण्याशेजारी सासूची खाट आहे. तुमच्याही घरी कोणी आपला गारवा देऊन पत्र्याखाली गेलं असेल. जरा जाऊन बघा.