बोलता जावई

“डबा वाजवणं सोडशीन का? एवढंच सांग,” मुलीचे वडील गुलाबराव म्हणाले.

देऊळघाटच्या त्या ओसरीवर पंधरा-वीस माणसं बसली होती. सगळ्यांनी कडूबाकडे पाहिलं. ‘नाही’ हा शब्द त्याच्या जिभेवर तयार होता, पण पहिलंच अक्षर दातांमागे अडकलं. “न… न… न…” मानेच्या शिरा फुगल्या, कपाळावर घाम आला.

“सोडते, सोडते,” त्याचा बाप तुळशीराम घाईनं म्हणाला. “लाजून राह्यला तो.”

कडूबा लाजत नव्हता. तो लहानपणापासून अडखळत बोलायचा. हजेरीला ‘हजर’ म्हणता येईना, म्हणून त्यानं चौथीतच शाळा सोडली आणि मळ्यातली वांगी घेऊन धाडच्या बाजारात बसू लागला. तिथंही तेच. त्याच्या तोंडून भाव बाहेर पडेपर्यंत गिऱ्हाईक शेजारच्या दुकानावर गेलेलं असे. एक दिवस चिडून त्यानं रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर थापा मारल्या, आणि त्या थापांवर शब्द सुटले. धडाधड सुटले. यमकाला यमक जुळत वांग्यावरून सरपंचावर गेले, सरपंचावरून चिखलात रुतलेल्या एसटीवर. बाजार हसून हसून बेजार झाला. वांगी दुपारच्या आत संपली.

त्याच्या गळ्यात सूर नव्हता. भजनी मंडळवाले म्हणत, हे काही गाणं नव्हे, बडबड आहे. असेना का. महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षं झाली तोवर पाच बाजारांत लोक डब्ब्या कडूबाची वाट पाहू लागले होते. एका तमाशाच्या फडाच्या मालकानं त्याला बोलावणंही धाडलं. मात्र आम्ही लिहून देऊ तेवढंच बोलायचं, अशी अट घातली. कडूबानं डबा वाजवून तिथंच जबाब दिला, “तोंड माहं, बोल माहे!” आणि परत आला.

लग्नाचं मात्र जमेना. डबा बडवणाऱ्याला पोरगी कोण देणार? दोन सोयरिकी मोडल्या होत्या. ही तिसरी. म्हणून तुळशीरामनं डबा घरीच ठेवायला लावला होता.

“मंग झालं तं,” गुलाबराव खूश होऊन म्हणाले. “पोरगा डबा सोडते. कुंकू लावून टाकू.”

कडूबाची बोटं मांडीवर हलली. बापानं त्याचा हात गच्च दाबून धरला. आता आपण जन्मभराचे मुके झालो, एवढंच कडूबाला कळलं. त्यानं मान खाली घातली.

तेवढ्यात टण्ण असा आवाज झाला. मग पुन्हा. मग लागोपाठ.

चहा देऊन झाल्यावर रुख्मिणी, म्हणजे नवरी मुलगी, आपल्या आईजवळ बसली होती. आल्यापासून तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. मांडीवरच्या रिकाम्या पितळी ताटावर तिची बोटं पडत होती. कडूबानं कान टवकारले. हा तर त्याचाच ठेका! म्हणजे हिनं बाजारात आपल्याला ऐकलंय.

त्यानं बापाचा हात सोडवला आणि उभा राहिला. तिच्या ठेक्यावर शब्द सुटले.

“डबा गेला तं गेली वाचा,
मुका जावई काय कामाचा?
पोरगी द्या, नाही तं देऊ नका,
बोलत्या मान्साले मुका करू नका!”

मग कोपऱ्यातला एक म्हातारा खदखदून हसला, आणि पाठोपाठ सगळेच. फक्त गुलाबराव हसले नाहीत.

“रुख्मिणी, तू काऊन वाजवलं?”

तिची आई कौशल्याबाई धडपडत मधे आली. “तिले काही इचारू नका. लाजते ते.”

रुख्मिणीनं मान वर केली. ओठ हलले. “ब… ब… बा…” तिच्या मानेच्या शिरा तटतटल्या. कौशल्याबाईनं पदरात तोंड लपवलं. इतकी वर्षं पाहुण्यांपासून झाकून ठेवलेलं आज भर ओसरीत उघडं पडलं होतं.

कडूबा पुढं झाला. त्यानं तिच्या मांडीवरचं ताट अलगद उचललं, तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि वाजवू लागला. बाजारातल्यासारखं नाही, हळू, अगदी सावकाश. रुख्मिणीनं दोन ठेके जाऊ दिले. तिसऱ्यावर श्वास घेतला, आणि बापाच्या डोळ्याला डोळा देऊन एका दमात म्हणाली,

“डबा राहू द्या, हे बी राहू द्या,
मले बी आता बोलून पाहू द्या!”