मिस्बाहची यादी

मानसिंगनं यादी शेवटपर्यंत वाचली आणि खुर्ची मागं ढकलली. बाई खुळी झाली का काय!

सांगलीतल्या त्या कंपनीत दोन विभाग. एक सॉफ्टवेअर लिहिणारा, दुसरा मानसिंगचा, म्हणजे सर्व्हर, नेटवर्क आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी सांभाळणारा आयटी विभाग. अंतर्गत ऑडिटमध्ये आपला विभाग आपणच तपासायचा नाही, असा नियम. म्हणून सॉफ्टवेअरवाले आयटीवाल्यांना तपासायचे आणि आयटीवाले त्यांना. आता रोज एकाच टपरीवर चहा पिणारी माणसं एकमेकांचं काय डोंबल तपासणार? गेल्या वर्षीची प्रश्नांची यादी काढायची, वर तारीख बदलायची, भडंग खात खात सगळीकडं ‘होय’ लिहायचं, झालं ऑडिट. वर्षानुवर्षं असंच गुण्यागोविंदानं चाललं होतं.

यंदा यादी करायचं काम सॉफ्टवेअरमधल्या मिस्बाहकडं आलं आणि तिनं सगळी घडीच विस्कटली. बॅकअप घेता का, एवढं विचारून ती थांबली नव्हती. तो परत चालू करून पाहिलात का, पुरावा दाखवा. नोकरी सोडून गेलेल्यांचे पासवर्ड बंद केलेत का, दाखवा. काम ज्यानं केलं, त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणी ते तपासलं का, सही दाखवा.

मानसिंग पाटणकडचा, फौजेत संदेशवहनाच्या सिग्नल दलात नोकरी केलेला. तो तडक तिच्या टेबलाशी गेला. मालक यशराज आयटीचं काम पुण्याच्या कंपनीला द्यायचं म्हणत होते, त्यांना नुसतं निमित्त हवं होतं. या यादीनं आम्ही नापास झालो तर माझ्या विभागातली सगळी पोरं घरी बसतील, हे त्यानं तिला समजावून पाहिलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि यादीतला एकही प्रश्न वगळला नाही.

“मग हीच यादी मी तुमच्या विभागाला लावली तर?” त्यानं विचारलं.

“नियमात बसतं,” मिस्बाह म्हणाली. “पण तुम्ही लावणार नाही, दादा. सॉफ्टवेअर स्वतः यशराजसर बघतात. त्यांच्यापुढं कुणाची टाप आहे?”

हे त्याला फार झोंबलं. जाता जाता तो काहीतरी पुटपुटला, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ऑडिट झालं आणि व्हायचं तेच झालं. बॅकअप घेतलेला होता, पण तो चालतो का, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. मानसिंगच्या हाताखालच्या साईराजनं सर्व्हरवर केलेल्या कामांवर दुसऱ्या कुणाची सही नव्हती. मिस्बाहनं एकेक त्रुटी लिहून काढली. मीटिंगमध्ये यशराजनी त्या सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचल्या आणि पुण्याच्या कंपनीला बोलावून घेतो म्हणाले. मानसिंगच्या कानशिलांना आग लागली होती. आपल्या पोरांचा असा पाणउतारा त्यानं कधी पाहिला नव्हता.

“लय झालं,” तो बाहेर येऊन साईराजला म्हणाला. “आता आपली पाळी. तिचीच यादी घ्यायची. काना-मात्रा बदलायचा न्हाई.”

यशराजना याचा वास लागलाच. त्यांनी मानसिंगला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला, बायकोपोरांची विचारपूस केली. मिरजेच्या एका हॉस्पिटलसाठी लहान मुलांच्या औषधाचं प्रमाण सांगणारा प्रोग्राम सोमवारी जायचा होता. त्याआधी नसता घोळ नको, जुनीच यादी वापरा, मग पुण्याचा विषय मीही सोडून देतो, असं त्यांनी गोडीत सांगितलं.

एका होकारावर सगळ्यांच्या नोकऱ्या वाचत होत्या. मानसिंगला पोरांची तोंडं आठवली. आणि मिस्बाहचं ते ‘कुणाची टाप आहे’ आठवलं.

“पुण्याला द्यायचं तर खुशाल द्या साहेब,” तो उठत म्हणाला. “यादी हीच लागंल.”

शुक्रवारी तो सॉफ्टवेअर विभागात जाऊन बसला. समोर यशराज, बाजूला खाली मान घातलेली मिस्बाह. सुरुवातीच्या प्रश्नांना चटाचट उत्तरं आली. मग त्यानं विचारलं, मिरजेचा प्रोग्राम लिहिणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणी तपासला का? मिस्बाहनं तपासलाय, असं यशराज म्हणाले. सही दाखवा, असं मानसिंग म्हणाला. सगळे कागद चाळून झाले, सही कुठंच नव्हती. त्यानं मिस्बाहलाच विचारलं.

“मला तपासायला दिलाच नव्हता,” ती म्हणाली.

मानसिंगनं ठळक अक्षरात ‘गंभीर त्रुटी’ लिहिलं. अशी त्रुटी निघाली की ती दूर होईपर्यंत काम बाहेर जात नाही, हे कंपनीनंच हॉस्पिटलला करारात लिहून दिलं होतं. यशराज चिडले, ओरडले, आत्ता पुण्याला फोन लावतो म्हणाले. मानसिंगनं शांतपणे सही केली. मिरजेचं काम थांबलं.

मग प्रोग्राम तपासायला मिस्बाहकडं आला. अगदी कमी वजनाच्या बाळांसाठी तो औषधाचं प्रमाण दहापट सांगत होता. त्यानंतर यशराजनी पुण्याचं नाव काढलं नाही.

संध्याकाळी मानसिंग तिच्या टेबलाशी आला. तिची जिरवायला म्हणून निघाला होता, पण आता त्याची जीभ रेटेना.

“तुमच्याच यादीनं मी तुमच्याच विभागाला नापास केलं,” तो म्हणाला. “राग न्हाई आला तुमाला?”

मिस्बाहनं कॉम्प्युटर बंद केला आणि पर्स खांद्याला अडकवली.

“माझ्या विभागाला तो प्रश्न मला विचारता येत नव्हता, दादा,” ती म्हणाली. “आणि चिडल्याशिवाय तुम्ही तो विचारला नसता.”