जिनिव्हाचा बर्फ

आमचे संचालक सिकाझ्वे साहेब संगणक-सुरक्षेच्या परिषदेला पंधरा दिवस जिनिव्हाला गेले. जाण्याआधी लुसाकाच्या ऑफिसकडून निरोपाचं जेवण उकळलं. न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि गावठी कोंबडी. कोंबड्याही लुसाकाजवळच्या त्यांच्याच चोंग्वेच्या फार्मवरून विकत आणायला लावल्या. निर्लज्जपणालाही काही ताळतंत्र असतं म्हणतात.

तिसऱ्या दिवशी कुणीतरी परदेशातून आमच्या कॅशियरच्या मेलमध्ये शिरायला बघत होतं. मी कळवताच साहेबांचा व्हॉट्सॲपवर फोन आला.

"मुतिंता, झोपा काढता काय तिथं? देशाबाहेरून एकालाही ऑफिसच्या मेलमध्ये शिरू द्यायचं नाही. आत्ताच्या आत्ता बंद कर!"

"पण साहेब, मग तुम्हालाही तिथून मेल उघडता येणार नाही. तुमच्यापुरती सूट ठेवू का?"

"मला कसली सूट? नियम म्हणजे नियम! तू मला शिकवणार?"

मी कशाला शिकवते? मुकाट्यानं सगळं बंद केलं आणि दोनदा तपासून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या ऑफिसला साहेबांचं पत्र आलं. "शाबास! आता चिलटही आत शिरणार नाही. इथं जिनिव्हात गुडघाभर बर्फ पडलाय, पण माझं लक्ष तुमच्यावरच आहे."

पत्र त्यांच्या ऑफिसच्याच मेलवरून आलं होतं.

मी सगळ्यांना दिसेल असं उत्तर धाडलं, "साहेब, एवढ्या बर्फात कोंबड्या गारठल्या नाहीत ना?"